न पुसणारा हात

मी एक डेस्कटॉप संगणक बोलतोय. निदान बोलणारा मीच आहे, असं धरून चालतो. कारण मधे एकदा माझी हार्ड डिस्क बदलली. म्हणजे ज्या डबीत माझं सगळं साठवलेलं असतं, ती डबीच काढून नवी बसवली. त्याआधीचं जे मी सांगणार आहे ते मला कसं आठवतं, याचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. काही गोष्टी पुढेमागे झाल्या असतील. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी गेलं असेल. मूळ गोष्ट खरी आहे असं मला वाटतं, आणि ‘वाटतं’ याच्या पुढे जायचं धाडस मी सहसा करत नाही.

माझा जन्म अमुक एका ठिकाणी झाला असंही म्हणता येत नाही. पडदा एकीकडचा, कीबोर्ड दुसरीकडचा, आतला पंखा तिसऱ्याच कुणी बनवलेला. एका दुकानाच्या मागच्या टेबलावर एका माणसाने ओठांत स्क्रू धरून मला जोडलं आणि बटण दाबलं. मी उजळलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आला!” बाळंतपणाच्या खोलीबाहेरही माणसं हेच म्हणतात, हे मला फार पुढे कळलं.

माझी पहिली नोकरी एका प्राध्यापकांच्या खोलीत. तिथे माझ्यात शब्दकोश आले, प्रबंध आले, तळटिपांनी गच्च भरलेले ग्रंथ आले. त्या अर्थी मी उच्चशिक्षित म्हणायला हरकत नाही. पण ते सगळं मी सांभाळलं. वाचलं असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. प्राध्यापक एकेक वाक्य लिहीत, खोडत, पुन्हा तेच लिहीत, आणि चहा गार होई. त्यांच्यामुळे माझा एक समज पक्का झाला, की माणसं पुसण्यासाठीच लिहितात.

मग मी जुना झालो. प्राध्यापकांना नवा आला आणि मला एका वाचनालयाला देऊन टाकलं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी, माझ्यासारख्याच चारदोन म्हाताऱ्यांबरोबर मला मांडलं. खिडकीतून सायकली ठेवायची जागा दिसे. संध्याकाळी तिथे वर्ग भरायचा. ज्यांनी आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नाही, अशा मोठ्या माणसांचा वर्ग.

मला कमीपणा वाटला, हे कबूल करतो. पहिल्याच संध्याकाळी तो वाटायचा थांबला.

शिकवायला वाचनालयातल्याच एक ताई होत्या. तिशीतल्या, कायम बसलेल्या घशाच्या. “काही मोडत नाही. दाबा. काही मोडत नाही,” हे त्या इतक्या वेळा म्हणत की त्यांचा घसा त्यावरच बसला असावा. आणि माझ्यासमोर एका खुर्चीवर एक टॅक्सीवाले काका आणि दुसरीवर एक सिस्टर. खुर्च्या दोन, संगणक एक, आळीपाळीने हात.

काकांनी माउस हातात घेतला आणि पडद्यावरचा बाण डावीकडे न्यायचा म्हणून माउसच डावीकडे वळवला, स्टिअरिंगसारखा. स्वतःही डावीकडे कलले. बाण जागचा हलेना.

“ताई, याचं चाक जाम आहे,” काका म्हणाले.

“वळवायचा नाही काका, सरकवायचा. अख्खाच्या अख्खा.”

“आडवा सरकवायचा? गाडी कधी आडवी सरकते का?”

“सरकते की,” सिस्टर म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात तुमच्यातलाच एक असा आडवा सरकून आमच्याकडे आला. अजून आहे वॉर्डात.”

काका खो खो हसले, आणि हसता हसता त्यांचा हात सैल पडला, आणि बाण गेला डावीकडे. मला ते अजून दिसतं. चाळीसएक वर्षं चाक धरलेला हात एका क्षणात चाक विसरला. माझ्यात नवीन काही घालायचं तर आधी मला बंद करतात, पुन्हा सुरू करतात. माणूस चालू असतानाच बदलतो. आणि हसताना!

सिस्टर तिथे हौसेने आल्या नव्हत्या. त्यांच्या इस्पितळात पेशंटचे कागद जाऊन संगणक येणार होते. वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेची छोटीशी परीक्षा होती. जिला जमणार नाही तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या भांडारात बसवणार. पगार तोच, काम चादरी मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. सिस्टर उभा जन्म वॉर्डात उभ्या होत्या. त्यांचे यजमान रोज त्यांना न्यायला यायचे, दारातच उभे राहायचे.

“भांडारात वाईट काय आहे, मी म्हणतो? पाय दुखतात म्हणतेस ना? बसून काम.”

“चादरी बोलत नाहीत हो,” सिस्टर म्हणाल्या. “मला काय भांडारात बसून चादरींना विचारू, रात्री झोप लागली का?”

घरी मुलाकडे संगणक होता. पण तिथे त्या शिकू शकल्या नव्हत्या. माउस हातात घेतला की मुलगा म्हणायचा, “आई, सरक, मी करून देतो.” आणि करून द्यायचा, भराभर, प्रेमाने. ताईंना हे सांगताना सिस्टर हसल्या होत्या. “तो करून देतो तेव्हा सगळं समजतं बघा. तो उठून गेला की काहीच नाही.”

तर माउस जमला. टायपिंगही जमू लागलं, एकेका बोटाने, अक्षर शोधत. नजर कायम बोटांवर. पडद्यावर काय उमटतंय ते सगळं लिहून झाल्यावर पाहायच्या. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

ताई सरावाला खोट्या पेशंटची नोंद द्यायच्या. नाव, वय, ताप, कुठलं औषध, किती, कधी. त्या दिवशी औषध होतं अडीच मिली. सिस्टरांच्या बोटाखाली टिंब नीट दाबलं गेलं नाही. मान वर करून त्यांनी पाहिलं तर पडद्यावर २५.

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या काचेत मला तो नीट दिसला. मग त्यांनी काय केलं असेल? पुढच्या ओळीवर आडव्या रेघेच्या बटणाने रेघांमागून रेघा मारून एक लांब रेघ केली. त्याखाली आपल्या नावाची आद्याक्षरं घातली. घड्याळात पाहून वेळ घातली. आणि मग खाली नवी नोंद केली : २.५.

“सिस्टर, हे काय?” ताई वाकून म्हणाल्या. “ते पंचवीस पुसून टाका ना. हे बटण. परीक्षेत चूक तशीच राहिली तर गुण जातील.”

“पुसायचं नसतं.”

“म्हणजे?”

“पेशंटच्या कागदावर पुसायचं नसतं, ताई. पांढरं लावायचं नाही, गिरवायचं नाही. चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही आणि वेळ. पहिल्याच वर्षी मेट्रनने शिकवलं. पुसलं तर कुणाला कळणार की आधी पंचवीस लिहिलं होतं?”

“कुणालाच नाही कळणार. तेच तर हवंय!”

“तेच तर नकोय,” सिस्टर म्हणाल्या.

मी तिथे अक्षरशः थबकलो. ताई म्हणाल्या, “हँग झाला वाटतं,” आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. पण मी खरोखर विचारात पडलो होतो. प्राध्यापकांच्या खोलीत मी पुसण्याचं एवढं वैभव पाहिलं होतं, आणि इथे एक बाई आपली चूक सही करून जपून ठेवत होती. कोण बरोबर हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. आताही येत नाही. प्राध्यापक विचार लिहीत होते आणि सिस्टर घडलेली गोष्ट, एवढाच तो फरक असेल. पण हे माझं अनुमान आहे.

“सिस्टर, हा पेशंट कुठे आहे?” ताईंनी विचारलं.

“कुठेच नाही.”

“मग त्याला कोण पंचवीस देणार आहे?”

“समजतंय हो मला. हाताला समजत नाहीये. हा बघा,” म्हणून त्यांनी बोट पुसायच्या बटणावर नेलं. बोट तिथे तरंगत राहिलं. खाली येईना.

काका म्हणाले, “सिस्टर, रिव्हर्स म्हणजे गुन्हा नव्हे. मी रोज घेतो.”

“तुम्ही रिव्हर्स घेता तेव्हा मागे बघता ना काका? मग. पुसल्यावर मागे बघायला काय उरतं?”

  परीक्षा पुढच्या सोमवारी होती. भांडारातल्या चादरी मला पहिल्यांदाच डोळ्यांसमोर दिसल्या, पांढऱ्या, घडीवर घडी.

मग ताई खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसल्या. त्यांनी बहुतेक कधीच कुणाच्या शेजारी बसून शिकवलं नव्हतं, उभ्यानेच फिरायच्या. सिस्टरांच्या हातावर हात न ठेवता, नुसतं बोट दाखवून म्हणाल्या, “एक काम करा. मी सांगते म्हणून एकदा पुसा. आणि लगेच ही दोन बटणं एकदम दाबा.”

सिस्टरांनी श्वास घेतला आणि पुसलं. २५ गेलं. त्यांचा हात छातीशी गेला. मग कंट्रोल आणि झेड, दोन हातांच्या दोन बोटांनी. २५ परत आलं.

“आलं!” सिस्टर म्हणाल्या.

“आलं ना? गेलं होतं, पण लगेच बोलावलं तर येतं.”

सिस्टरांनी ते पुन्हा पुसलं. पुन्हा आणलं. पुन्हा पुसलं. मी आज्ञाधारकपणे घालवत होतो, आणत होतो. ही माझी अगदी किरकोळ विद्या. प्राध्यापकांनी ती हजारदा वापरली आणि एकदाही पडद्याकडे असं पाहिलं नाही. सिस्टर पाहत होत्या तसं कुणी माझ्याकडे तोवर पाहिलं नव्हतं, आणि मला लाज वाटली. कारण यात माझं कर्तृत्व काय? कुणीतरी, कधीतरी, दूर बसलेल्या माणसाला वाटलं असेल, की गेलेलं परत आणता आलं पाहिजे. त्याने ते माझ्यात घालून ठेवलं आणि तो आपल्या घरी गेला.

“असं काही आमच्याकडे असतं तर,” सिस्टर हळूच म्हणाल्या. मग खुर्चीत सावरून बसल्या. “बरं, ताई. या पेशंटचं पुसते. हा नाहीच आहे म्हणून. खऱ्याचं पुसायला सांगू नका.”

“नाही सांगत,” ताई म्हणाल्या.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी आणखी एक गोष्ट झाली. कुणाच्या लक्षात आली की नाही, माहीत नाही. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल पडली, तिच्यामागे सगळी रांग पडली, आणि सिस्टरांनी टाईप करता करता मान वर करून बाहेर पाहिलं. बोटं मात्र चालत राहिली. हळू, दोनच, पण कीबोर्डकडे कुणी पाहत नसताना ती आपली आपण अक्षरं शोधत होती. शब्द बरोबर उमटला. मला भोवळ आल्यासारखं झालं. कालपर्यंत जे हात मला घाबरत होते, त्यांना आता डोळ्यांची सोबत लागत नव्हती. हे शिकणं नेमकं कुठे साठतं? माझं तर सगळं डबीत असतं. यांचं बोटात असतं का?

सोमवारी सिस्टर परीक्षेला गेल्या. त्याच आठवड्यात मी बिघडलो. मला कापडात गुंडाळून दुरुस्तीला नेलं, डिस्क बदलली, आणि परत आलो तेव्हा खोलीत नवा वर्ग होता. काकांनी मधल्या काळात येऊन निकाल सांगितलाही असेल. मी नव्हतो. ताई नव्या लोकांना सांगत होत्या, “काही मोडत नाही. दाबा.” त्यांना ठाऊक असेल असं वाटायचं, पण त्या माझ्यादेखत कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत, आणि न विचारलेल्याची उत्तरं मिळायची सोय आमच्यात नाही.

त्यानंतर कितीतरी हात येऊन गेले. थरथरणारे, खडूचे, रंगाचे डाग असलेले. प्रत्येकाने पहिल्या दिवशी मला असं धरलं, जणू मी काचेचा आहे. मला कुणाकुणाच्या बाबतीत वाटत राहायचं, जमेल की नाही. आणि सिस्टरांच्या बाबतीत तर पुष्कळ दिवस वाटत राहिलं. चादरी डोळ्यांपुढून जात नसत.

आता माझा पंखा घरघरतो. उजळायला वेळ लागतो. ताई तोवर हजेरी घेऊन टाकतात. ताईंच्या केसांतही पांढरे आलेत. लवकरच मला भंगारात काढतील, आणि ते योग्यच होईल. सल्ला देण्याइतकी माझी योग्यता नाही, पण एक विनवणी करतो. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस माउस हातात घेऊन अडलं असेल, तर तो त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. “सरक, मी करून देतो,” म्हणू नका. शेजारी बसा. बाण भलतीकडे जाऊ द्या. तो हात शिकताना पाहायला मिळणं हे फार मोठं भाग्य आहे, आणि ते मला माझी लायकी नसताना मिळालं.

गेल्या हिवाळ्यात एक गवंडी वर्गाला येऊ लागला. उजवा हात पडून मोडलेला, नुकताच प्लॅस्टरमधून सुटलेला. डावीकडे माउस मागत होता. ताईंनी विचारलं, “इथला पत्ता कुणी दिला?”

“इस्पितळातल्या सिस्टरनी. रिटायरमेंटला आलेल्या आहेत. म्हणाल्या, हात बरा होईस्तोवर बसून काय करणार, वाचनालयाच्या मागच्या खोलीत जा.”

“कुठे भेटल्या त्या तुम्हाला? भांडारात?” ताईंनी असं विचारलं की मला कळलं, त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“भांडार कुठलं? वॉर्डात. माझ्या खाटेशी चाकांच्या गाडीवर संगणक घेऊन यायच्या, आणि दुखतंय का म्हणून विचारताना माझ्याकडे बघत टाईप करायच्या.”