तुमाशचा डोह

“आणि इथं काय लिहू?”

मेंजाची पाठ त्या दोघांकडे होती. डेअरीच्या फळ्यावर ती खडूनं नदीच्या पाण्याच्या उंचीचा आजचा आकडा लिहीत होती, अडतीस सेंटिमीटर. सेरायनाचं बोट नकाशावर कुठं टेकलंय हे तिला मागं न वळताच कळलं, कारण बाल्त्सरचं दूध ढवळणं थांबलं होतं.

“तिथं काही नाही,” बाल्त्सर म्हणाला.

“काही नाही कसं, काका? नदी पायी ओलांडायचा उतार आहे, पायवाट आहे. वर आन्नाचा डोह, खाली दोघा भावांचा डोह. मधलंच वळण तेवढं बिननावाचं?”

“ते मेंजाला विचार.”

मेंजानं खडू खाली ठेवला आणि हात ॲप्रनला पुसले. “पाणी अडतीस. उतार चालू आहे,” एवढं बोलून ती बाहेर पडली.

हे तिचं रोजचंच वाक्य होतं. पण ते ऐकून उताराकडं जाणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं. पलीकडच्या कुरणावर ट्रॅक्टर जातो तो खालच्या नव्या पुलावरून. दहा वर्षांपूर्वी सरकारनं नदीकाठी एक पोलादी पेटी बसवली, ती पाण्याची उंची आपली आपणच शहरात कळवते. मेंजाला आभाराचं पत्र आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिनं घड्याळ स्वयंपाकघरात टांगलं आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला नेहमीसारखी नदीत रोवलेल्या मोजपट्टीकडं गेली. कुणी काही म्हटलं नाही. सहासष्ट वर्षांच्या एकट्या बाईला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं, असं गावानं धरून चाललं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. सेरायनाची नोकरीच ते विचारायची होती. कूर शहरातल्या नकाशा-कचेरीतून ती तीन दिवसांपूर्वी खोऱ्यात आली होती आणि घरोघर जवाचं सूप पीत ओढ्याओहोळांची नावं उतरवून घेत होती. दुरास्का नदी नेमकी कोणती, यावर पहिल्याच दिवशी तिला दोन वाड्यांचं भांडण ऐकायला मिळालं. हिमनदीतून येणारा पांढरा ओढा खरा, कारण त्याला पाणी जास्त, असं वरची वाडी म्हणते. दलदलीतून येणारा काळा ओढा खरा, कारण तो लांब, असं खालची. संगमानंतरही दोन्ही पाणी शंभर-दीडशे पावलं एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतं, आणि वाड्यांचंही तसंच आहे. दुरास्का हे नाव इथल्या कुठल्याच भाषेतलं नाही, ‘वाहतं पाणी’ एवढाच त्याचा जुनापुराणा अर्थ, असं सेरायनानं सांगितलं, तेव्हा बाल्त्सर खूश झाला होता. “म्हणजे पाणी वाहतं. हे कळायला तुम्हाला पुस्तक लागलं होय? आम्ही नुसतं पाणी म्हणतो, पोरी. नाव परगावच्या लोकांना लागतं.”

नदीला नाव लागत नसलं तरी डोहांना लागे. नदीनं नेलेलं माणूस सापडलं तर त्याचं नाव चर्चमागच्या क्रुसावर जातं. सापडलं नाही तर ते डोहाला मिळतं. पण ते द्यायचं सगळ्यांत जवळच्या माणसानं. त्यानं काठावर उभं राहायचं, गावातल्या एकाला तरी साक्षीला घ्यायचं, माणूस कसा गेला ते सांगायचं आणि मग नाव उच्चारायचं. सांगितलेलं खरं असावं लागतं. खोटं सांगून दिलेलं नाव नदी ठेवून घेत नाही, असं म्हाताऱ्या सांगत. जवळचं माणूस बोलेपर्यंत त्या जागेला कुणीच काही म्हणायचं नाही. मेंजाच्या धाकट्या भावाची, तुमाशची, जागा चव्वेचाळीस वर्षं तशीच कोरी होती. हिचा जीव अजून मानत नसेल, आणखी काय, असं म्हणून लोक गप्प बसत.

सेरायनानं तिला हौदापाशी गाठलं.

“मावशी, मला कुणाच्या घरात डोकवायचं नाही. पण गेल्या साली त्या वळणावर एका मुलीचा पाय मोडला, माहितीये ना? तिच्याकडं फोन होता. कुठं आहेस विचारलं तर म्हणाली, नदीच्या वळणावर. या नदीला बावीस वळणं आहेत. हेलिकॉप्टरला सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. पाय कापावा लागला तिचा.”

“माहितीये.”

“पाटी लावायची ठरलीय. तुम्ही नाव नाही दिलंत तर कचेरी आकडा देईल. वळण सतरा.”

“आकडा कोण देणार? बघायला येणार का कुणी?”

“कशाला येतील? तिथंच टेबलापाशी बसून देतील.”

मेंजानं हौदाची कड घट्ट धरली. “टेबलापाशी बसून,” ती पुटपुटली. मग बादली अर्धीच भरून घराकडं गेली.

तिला काय वाटलं हे त्या पोरीला कुठून कळणार? मेंजाच्या साऱ्या आयुष्यात सांगण्यासारखं एकच घडलं होतं आणि तेच तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. गावच्या चर्चची जत्रा होती आणि पहाटेपर्यंत नाच चालला होता. रात्री कधीतरी दक्षिणेकडून खिंडीवरून उबदार वारा सुटला. मानेवरच्या घामाला तो छान लागत होता, हे तिला अजून आठवतं. तो वारा सुटला की वरचा बर्फ वितळतो आणि खाली एक थेंब न पडता पाणी चढतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोजपट्टी बघायचं काम तिच्याकडं नुकतंच आलं होतं. पण सकाळी डोळे उघडेनात. काल बेचाळीस होतं, परवा बेचाळीस, आठवडाभर बेचाळीस. नदीकडं न जाता ती सरळ डेअरीत गेली आणि फळ्यावर बेचाळीस लिहिलं. पन्नासपर्यंत उतार चालू, त्याच्या वर गेलं की जुन्या पुलावरून दोन तासांचा वळसा, असा तेव्हा नियम होता.

तुमाश एकोणीस वर्षांचा होता. पलीकडच्या कुरणातून घरच्या दोन कालवडी आणायला निघाला होता. त्यानं फळा वाचला आणि टोपी काढून तिच्या डोक्यात हाणली. “ताईनं लिहिलं म्हणजे देवानं लिहिलं,” म्हणाला, आणि गेला.

ती घरी जाऊन झोपली. दोन तासांनी दचकून उठली आणि नदीकडं धावली. मोजपट्टीवर एकोणऐंशी होतं. उतारापाशी पोचली तेव्हा पलीकडच्या काठावर दोन कालवडी उभ्या होत्या. हाक मारणाऱ्याची वाट बघत असाव्यात तशा त्या इकडं तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

नऊ दिवस शोधलं. पाणी एकाएकी चढलं हो, असं लोक म्हणाले. ती नाही म्हणाली नाही. मोजणीच्या वहीत त्या तारखेला बेचाळीसच राहिलं, आणि पुढच्या साली सरकारच्या पुस्तकात ते छापूनही आलं.

तेव्हापासून ती रोज गेली. तापात गेली, आईला पुरलं त्या सकाळीही गेली. लग्नाला दोन स्थळं आली तेव्हा सासर खोऱ्याबाहेर आहे म्हणून नको म्हणाली. दुरास्का खाली ऱ्हाईन नदीला मिळते, ऱ्हाईन कॉन्स्टान्सच्या तळ्यात शिरते, आणि वाटेत उचललेलं सगळं नदी तिथंच तळाला ठेवते, असं कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा ती आगगाडीत बसून त्या तळ्यापर्यंत गेली. धक्क्यावर दुपारभर उभी राहिली. तळं समुद्राएवढं होतं. तिनं बरोबर आणलेला पाव खाल्ला आणि परत आली. आयुष्यात तेवढाच एक प्रवास.

पण तुमाश तळ्यात नव्हताच. तो इथंच होता. उबदार वारा सुटला, पाणी चढलं, की नदीच्या तळाशी दगड गडगडायला लागतात. ऐकणाऱ्याला तो दगडांचाच आवाज वाटतो. मेंजाला मात्र उंबऱ्यावर कुणीतरी बूट आपटून चिखल झाडतंय असं ऐकू येई. दोनदा डावा, एकदा उजवा. तुमाश तसाच झाडायचा. चुलीवर सूप असो, हातात सुई असो, ती उठून दार उघडायची. बाहेर कुणी नसायचं. दार लावताना तिला त्याची भीती वाटायची आणि भीती वाटल्याची लाजही वाटायची.

आज दुपारी वारा सुटला. खिडकीची काच थरथरली आणि थोड्या वेळानं उंबऱ्यावर आवाज आला. दोनदा डावा, एकदा उजवा. मेंजानं दार उघडलं. अंगणात लख्ख ऊन होतं.

“येते,” ती म्हणाली. या वेळी तिनं दार लावलं नाही. बूट चढवले, डेअरीत गेली आणि दारातूनच म्हणाली, “बाल्त्सर, चल. साक्षीला कुणीतरी लागतं. त्या पोरीलाही बोलाव.”

बाल्त्सरनं भट्टी बंद केली. त्यानं कोट घातला, मग पुन्हा काढला आणि चर्चला जायचा रविवारचा कोट घालून आला.

वळणावर पाणी गढूळ झालं होतं आणि काठचं गवत बुडायला लागलं होतं. मेंजा उताराच्या पहिल्या दगडापाशी थांबली. तिनं नदीकडं तोंड करून सांगितलं, आणि मोठ्यानं सांगितलं, कारण पाण्याचा आवाज फार होता.

“माझा भाऊ तुमाश इथं गेला. पाणी एकाएकी चढलं नव्हतं. सकाळी आधीच चढलेलं होतं. मी बघायला गेलेच नाही. नाचून दमले होते. न बघताच बेचाळीस लिहिलं आणि त्यानं ते खरं धरलं.”

सेरायनाची पेन्सिल थांबली. बाल्त्सर टोपी हातात घेऊन उभा होता. आता तो निघून जाईल असं मेंजाला वाटलं.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

मेंजा वळली.

“तुझे बूट कोरडे होते, मेंजे. मोजपट्टीकडं जायचं तर गुडघाभर ओल्या गवतातनं जावं लागतं. तू फळ्यापाशी उभी होतीस आणि बूट कोरडे ठणठणीत. तुमाशनं फळा वाचायच्या आधीच मी ते बघितलं. रात्रभर वारा होता, तेही मला ठाऊक होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

बाल्त्सरनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. “आदल्या रात्री तू माझ्याबरोबर दोनदा नाचली होतीस. तिसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं होतं. म्हटलं, सकाळी सकाळी हिला चारचौघांत खोटं पाडलं तर ही पुन्हा बोलायची नाही. म्हटलं, बदलले असतील बूट. तेवढ्यात तो गेला. मी त्याच्या मागं चार पावलं टाकली असती तरी पुरे होतं.”

मेंजाला आधी राग आला. चव्वेचाळीस वर्षं हा माणूस कढईशी उभा राहून आपल्याला बघत होता आणि एका शब्दानं बोलला नव्हता. मग तिच्या ध्यानात आलं की याच्याही घरी दुसरं माणूस नाही, आणि वारा सुटला की उंबऱ्यावरचा आवाज ऐकून दार हाही एकटाच उघडत असणार.

“रोज माझे बूट बघतोस होय?”

“रोज.”

“आणि?”

“ओले असतात.”

ती पुन्हा नदीकडं वळली. डोहाचं इतकी वर्षं द्यायचं राहिलेलं नाव साधेपणानं आलं. “तुमाशचा डोह,” ती म्हणाली.

“तुमाशचा डोह,” बाल्त्सर म्हणाला. साक्षीदारानं म्हणायचं असतं. सेरायना परगावची होती, तिनं म्हणायची गरज नव्हती. तरी तिनंही हळूच म्हटलं.

मग तिनं कागद पुढं केला. “नाव कशावरून पडलं याचा एक रकाना असतो, मावशी. भाऊ बुडाला एवढंच लिहिलं तरी चालेल.”

“जे ऐकलंस ते लिही.”

“रकाना एवढासा आहे.”

“मग बारीक लिही,” बाल्त्सर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मेंजा साडेसहाला मोजपट्टीकडं गेली. वारा पडला होता, पण पाणी अजून उतरलं नव्हतं. तळाचे दगड गडगडत होते आणि ते दगडच होते. तिनं दोनदा वाकून आकडा वाचला.

डेअरीत येऊन तिनं फळ्यावर छप्पन्न लिहिलं. खाली लिहिलं, उतार बंद. बाल्त्सर कढईशी होता. त्यानं आज नजर चोरली नाही. सरळ खाली तिच्या बुटांकडं बघितलं, मग भट्टीजवळचं स्टूल ओढून तिच्यासाठी ठेवलं.

ती बसली. त्यानं एका वाडग्यात गरम दूध ओतून तिच्या हातात दिलं. बुटांतून निथळणारं पाणी फरशीवरून हळूहळू त्याच्या पायांपर्यंत गेलं. दोघांनी ते बघितलं, पण पुसायला कुणी उठलं नाही.