नाडीची बाजू

आर्विड लुंडक्विस्टला मी अकरा वर्षं उलटा पाहिला. अमेरिकन फुटबॉलमध्ये माझं कामच तसं. खाली वाकायचं, दोन पायांमधून मागे बघायचं आणि चेंडू फेकायचा. आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला मार्कस तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि आर्विड त्याला दोन पिवळ्या खांबांमधून किक मारतो. लांबट चेंडूच्या एका बाजूला शिवलेली नाडी खांबांकडे असली पाहिजे. पायाच्या बाजूला आली की चेंडू कुठे जाईल ते देवालाच ठाऊक.

आर्विडचा हा एकोणिसावा हंगाम होता. पाच कोच आले नि गेले, हा आपला तिथेच. बाकीचे चिखलात लोळून यायचे आणि त्याला विचारायचे, "काय रे, तुझे कपडे धुवायला टाकू, का तसेच घडी घालून ठेवू?" तो नुसता सूर्यफुलाच्या बिया चघळत बसायचा. किक चुकली की पत्रकारांसमोर त्याचं एकच वाक्य: "चेंडू बरोबर आला, बरोबर धरला, मी चुकलो." माझा चेंडू भलतीकडे गेला असला तरी हेच. कसला मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटायचं.

त्या डिसेंबरात प्रुइट कोचने सगळ्यांसमोर त्याला बजावलं होतं, आणखी एक चुकली की नवा माणूस आणीन. आर्विड बेचाळीस वर्षांचा. इथून गेला की दुसरं कोणी दारातही उभं करणार नव्हतं.

त्याच गुरुवारी माझा अंगठा ट्रकच्या दारात सापडला. डॉक्टरला सांगितलं असतं तर मला संघाबाहेर बसवला असता. मी चिकटपट्टी गुंडाळली आणि गप्प बसलो. हो, भ्यालो.

रविवारी तळ्यावरून बोचरा वारा सुटलेला. तीन सेकंद उरलेले, आम्ही दोन गुणांनी मागे, किक आत गेली तर तीन गुण, अंतर अडतीस यार्ड. आर्विडला डोळे मिटून जमावं असं. पण चेंडू सुटताना अंगठा कळवळला. मार्कसला चेंडू फिरवायला वेळच मिळाला नाही. नाडी पायाच्या बाजूला. चेंडू उजव्या खांबावर आदळला आणि बाहेर पडला. आर्विडने पत्रकारांना नेहमीचं वाक्य ऐकवलं. मी शेजारच्या बाकावर बुटाची गाठ सोडत बसलो होतो.

मंगळवारी कोचने आर्विडच्या जागेसाठी तीन नवे किकर चाचणीला बोलावले आणि त्यांना चेंडू फेकायला मलाच बोलावलं. पहिल्याने तीन मारल्या, तिन्ही आत. मला स्वतःची शिसारी आली. सरळ कोचच्या खोलीत गेलो आणि पट्टी सोडून अंगठा दाखवला.

कोच म्हणाला, "चित्रफितीत मला नाडी दिसली होती. काल आर्विडला विचारलंही. म्हणाला, नाडीचा काही संबंध नाही. आता खोटं कोण बोलतंय, तो का तू?"

"तो," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत माझं सामान गाडीत होतं. दुखणं लपवणारा माणूस कोचला नको होता. आर्विड राहिला.

पुढच्या रविवारी सामना घरी टीव्हीवर पाहिला. माझ्या जागी घेतलेल्या नव्या पोराचा चेंडू सुरेख आला, नाडी खांबांकडे, मार्कसने छान धरला. एकतीस यार्ड. आर्विडने डावीकडून हातभर बाहेर घातली. मग तेच वाक्य. सोमवारी त्यालाही काढलं.

त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. त्याच्या एका आठवड्यासाठी मी माझी नोकरी घालवली म्हणून तो चार शिव्या देईल, निदान आभार तरी मानेल, असं वाटलं होतं. त्याने अंगठा कसा आहे ते विचारलं. मग बिया चघळल्याचा आवाज आला.

"कोचला तू सांगितलंस म्हणे, की मी तुला वाचवायला खोटं बोललो."

"नाडी तुझ्याकडे होती, आर्विड."

"होती की. दिसली मला. अरे, मी खोटं कुठे बोललो? दहा वर्षांपूर्वी ती नाडीसकट आत घातली असती मी. तुला काय वाटलं, इतकी वर्षं मी तुझ्यासाठी बोलत होतो?"

"नाही," मी खोटंच म्हणालो.