सात नंबरची उतरण

आमच्या डोंगराचा नकाशा ज्या चित्रकाराने काढला त्याने डोंगर समोरून पाहिला. स्कीवाला मात्र त्यावर येतो तो मागून. त्यामुळे नकाशात डावीकडे दिसणारं वाल्डेन गाव खिंडीत उभं राहिलं की उजवीकडे असतं, आणि उजवीकडचं हिंटरबाख डावीकडे. आमच्या तिरोल प्रांतात एवढी गोष्ट पोरांनाही ठाऊक असते, म्हणून ती कोणी पाहुण्यांना सांगत नाही. पाहुणे खिंडीत थांबतात, हातमोजा दातात धरून नकाशा उघडतात, तो उलटा करून बघतात, आणि मग नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे होतात.

कासियानचं घर या खिंडीतच. दिवसभर शेकडो माणसं त्याच्या कुंपणाला घासून जायची, आणि स्कीवाल्यांना वर आणणाऱ्या लिफ्ट थांबल्या की पुढचा मनुष्याचा आवाज एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी. बायको, वाल्बुर्गा, जाऊन चार हिवाळे झाले होते. मुलगी व्हिएन्नात. ती नाताळला फोन करून म्हणायची, "बाबा, खाली गावात राहायला जा." बाबा "बघतो" म्हणायचे. गाव खिडकीतून दिसतंच, तेवढंच बघायचे.

मी अधूनमधून वर जायचो, पत्ते खेळायला. आमच्या खेळाला चौघं लागतात. आम्ही दोघं चौघांचे पत्ते वाटायचो आणि न आलेल्या दोघांना शिव्या द्यायचो.

त्या फेब्रुवारीत गेलो तर अंगणात बाक, बाकावर मेंढीचं कातडं, फळीवर राय धान्याचा काळा पाव आणि धुरी दिलेलं डुकराचं मांस, आणि किटलीत चहा. लाल टोपीचा एक डच गृहस्थ तो चहा पीत होता.

"वाल्डेनला कसं जायचं?" त्याने विचारलं.

"सरळ खाली. सात नंबरची उतरण," कासियान म्हणाला. "तळाशी दोन माणसांची जुनी लिफ्ट आहे. तीत बस."

हजार मीटरच्या वर आमच्याकडे सगळ्यांना अरे-तुरे. खाली उतरलं की पुन्हा अहो-जाहो.

डच गेला. आमचा एक डाव झाला. दुसरा लावतोय तोच लाल टोपी पुन्हा अंगणात.

"हा मघाशीच गेला ना रे?"

"गेला होता," पत्ते लावता लावता कासियान म्हणाला. "अजून एकदा येईल. सभ्य माणूस आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सात नंबर उतरते ती डोंगराच्या एका खळग्यात. तिथे ना गाव, ना रस्ता. तिथून निघणारी लिफ्ट एकच, आणि ती माणसाला आणून सोडते कासियानच्या कुंपणाशी.

"लाज नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटली. मग तो माणूस परत आला आणि म्हणाला, 'कमाल आहे, थेट तुझ्यासारखाच एक म्हातारा त्या खिंडीतही आहे!'"

"आणि खरी वाट?"

"सांगतो की. लिफ्ट बंद व्हायच्या आधी सांगतो. मी काय राक्षस आहे?" त्याने पत्ता टाकला. "पहिल्या खेपेला ते वाट विचारतात. दुसऱ्या खेपेला नाव विचारतात."

हॅम्बुर्गची गुड्रुन आली त्या दिवशीही मी तिथेच होतो. सत्तरीची, एकटीच. नवऱ्याचा गुडघा धरलेला, तो वाल्डेनच्या हॉटेलात. दुसऱ्या खेपेला ती आपण होऊन बाकावर बसली आणि म्हणाली, "मलाही वाटा." खेळली, चक्क लबाडी केली, आणि पकडली गेल्यावर म्हणाली, "म्हातारपणी एवढं तरी करू द्या की रे." कासियान हसला. वाल्बुर्गा गेल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं.

दुपार कलली. वारा उठला. ती उभी राहिली. "चला. आता वाल्डेनला कशी जाऊ?"

कासियानने घड्याळ पाहिलं. "सात नंबर," तो म्हणाला.

मी घसा खाकरला. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.

जुन्या लिफ्टची घरघर आम्हाला सवयीने ऐकू येत नाही. ती थांबली तेव्हा ऐकू आली. वाऱ्यामुळे बंद केली होती. कासियान हातातले पत्ते तसेच धरून उठला, खळग्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन लिफ्टच्या कचेरीत फोन लावला.

"खाली खळग्यात एक बाई आहे... नाही, वाट चुकली नाही. मी पाठवली."

मग तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला. अंधारता अंधारता बर्फ दाबायचं यंत्र दिवे पाजळत वर आलं. आत गुड्रुन होती. यंत्र थांबलं नाही.

वाऱ्यामुळे मला रात्री तिथेच राहावं लागलं. सकाळी ती आली. बसली नाही.

"काल तुम्ही मला मुद्दाम तिकडे पाठवलंत?"

'तुम्ही' ऐकून कासियान असा चपापला, की जणू कुणी त्याला उचलून खाली दरीत नेऊन ठेवलं.

"हो."

"का?"

"तू परत आली असतीस."

"माझा नवरा अंधार पडेपर्यंत खिडकीशी उभा होता. गुडघा वाकत नाही, म्हणून बसलाही नाही. कुणाची वाट बघत राहणं म्हणजे काय, कल्पना आहे तुम्हाला?"

त्या अख्ख्या डोंगरावर या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं पाठ कुणालाच नव्हतं. त्याने फक्त चहाचा पेला पुढे सरकवला. तिने चहाकडे पाहिलं, घेतला नाही, आणि काही न विचारता उजवीकडे वळून वाल्डेनला गेली.

आठवड्याभरात लिफ्टवाल्यांनी खिंडीत भली मोठी पाटी रोवली. उजवीकडे वाल्डेन, डावीकडे हिंटरबाख, असे दोन जाड बाण. आणि सात नंबरपुढे, 'या बाजूला गाव नाही.' आता कुणी हातमोजासुद्धा काढत नव्हतं. पाव फळीवर वाळायचा आणि डोमकावळ्यांना जायचा.

मार्चमध्ये मोठी हिमवृष्टी झाली. मी वर गेलो तर पाटी पांढरीफेक, आणि तिच्यापुढे तिघं नकाशा फिरवत उभे.

"कासियान, देव पावला!" मी म्हणालो. "चहा ठेव. आता इकडेच येतील."

त्याने किटलीकडे पाहिलं. मग बूट चढवले, दारामागचा झाडू घेतला आणि बाहेर पडला. आधी वाल्डेनचा बाण मोकळा केला. तिघांनी नकाशा मिटला, पाटीकडेच बघत "आभारी आहे" म्हटलं आणि निघून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत तो झाडूवर रेलून उभा होता. मग त्याने उरलेली पाटी झाडली. मागची बाजूसुद्धा झाडली, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.