छत्तीस फ्रेमचा उशीर

खाण बंद पडली तशी क्वीन्सटाउनमधली निम्मी माणसं गाव सोडून गेली. माझा भाऊ लीथ मात्र राहिला. अकरा वर्षं त्यानं जमिनीखाली तांब्याच्या दगडाचे ट्रक चालवले होते. आता पुढच्या खोलीत टेबलाला स्टिअरिंग आणि खाली पेडल जखडून तो कॉम्प्युटरवर रॅलीच्या गाड्या चालवायचा आणि ते लाइव्ह दाखवायचा. आमची सकाळ म्हणजे कॅनडातली संध्याकाळ. तिकडची शंभरेक माणसं जेवता जेवता त्याला बघत आणि बडबड लिहून पाठवत. तेवढ्यावर तो खूश असे.

मी बेकरीतून साडेदहाला सुटले की दोन सॉसेज रोल घेऊन त्याच्याकडे जायची. ऑगस्टमध्ये तो कुरकुरायला लागला.

"गाडी चिखलात लोळतेय, कोरी. मी वळवतो, ती विचार करते आणि मग वळते."

"वय झालं तुझं."

"मग लाइव्ह बंद केलं की वय उतरतं का माझं?"

हा मुद्दा बिनतोड होता. खेळ चालवायचा आणि त्याचा व्हिडिओ जगभर पाठवायचा, दोन्ही कामं एकाच कॉम्प्युटरवर. मी म्हटलं, आधी मोजू या. माझा मोबाइल एका सेकंदात दोनशे चाळीस फ्रेम टिपतो. लीथच्या डाव्या खांद्यामागे स्टुलावर बसून मी त्याचे हात आणि पडदा एकाच चौकटीत घेतले, आणि मग एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. त्याचे हात वळल्यापासून पडद्यावरच्या चालकाचे हातमोजे वळेपर्यंत छत्तीस फ्रेम. लाइव्ह बंद असताना चौदा.

मग आम्ही दोघं मागेच लागलो. ग्राफिक्स कार्ड पार दमत होतं, म्हणून खेळाच्या वेगाला मर्यादा घातली. पडद्याशी जुळवून घेण्यासाठी चित्र थांबवून धरणारं व्ही-सिंक बंद केलं. लाइव्हच्या प्रोग्रॅममध्ये आपलंच चित्र आपल्याला दाखवणारी खिडकी मिटवली. व्हिडिओ आवळून पाठवायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डात खास त्यासाठीच असलेल्या भागाकडे दिलं. छत्तीसचे वीस झाले, विसाचे नऊ.

गुरुवारी मोजलं तर शून्य आलं.

असं होत नसतं. नुसत्या पडद्यालाच दोन-तीन फ्रेम लागतात. मी पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. शुक्रवारी हातमोजे सहा फ्रेम आधी वळले.

मी लीथला दाखवलं. त्यानं तीनदा बघितलं. "तुझा मोबाइल गंडलाय," म्हणून स्वतःचा लावला. त्यातही तेच.

"असू दे," तो म्हणाला. "आत्ता कुठे गाडी माझी झालीय."

खरंच, इतकं सुरेख त्यानं कधीच चालवलं नव्हतं. कॅनडावाले कौतुक करून थकत नव्हते. पण पुढच्या मंगळवारपर्यंत मोजायला मोबाइलची गरजच उरली नाही. गाडी वळणावर वळायची आणि दोन सेकंदांनी त्याचे हात वळायचे, तेही अगदी तितकेच.

माझ्या मनात आलं, त्याला म्हणावं, मुद्दाम भलतीकडे वळव, बघू काय होतं. मी नुसतं तोंड उघडलं, तोवर गाडी डावीकडे दरडीवर चढली होती. आणि तरी मी बोलले, "लीथ, डावीकडे घाल." गप्प बसता आलं असतं. का बसले नाही ते आजही सांगता येत नाही. त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

"कधी ठरवलंस वळवायचं?"

"आत्ता. तू म्हणालीस तेव्हा."

"गाडी त्याआधीच गेली होती."

त्यानं स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "खाणीत अंधारात असं व्हायचं," म्हणाला. "हात आधी वळायचे. मी मागून."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याच्यामागे माझ्या स्टुलावर बसले तेव्हा तो रंगात होता. कॅनडातल्या कोणाला तरी चिडवत चालवत होता. पडद्यावर गाडी जंगलातल्या सरळ रस्त्यावर आली, हळू झाली आणि थांबली. हातमोजे स्टिअरिंगवरून उठले आणि मांडीवर जाऊन पडले. लीथचे हात मात्र वळणं घेतच होते.

"लीथ, गाडी थांबलीय."

"थांबेल कशाला?" तो म्हणाला. त्याची नजर पडद्यावरच होती.

कडेला कॅनडावाल्यांच्या ओळी धावत होत्या: का थांबलास? काय झालं?

गाडीतलं दृश्य सावकाश डावीकडे वळू लागलं. शेजारची सीट आली, रिकामी. तिथं ते थांबलं नाही. आणखी मागे वळलं, थोडं वर गेलं आणि तिथे स्थिरावलं. एखाद्यानं खांद्यामागे उंचावर बसलेल्या माणसाकडे बघावं, तसं. मग एक हातमोजा मांडीवरून वर उचलला गेला.

त्याच क्षणी लीथचा आवाज बंद झाला. त्याचे हात स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर पडले आणि मान डावीकडे वळायला लागली.

मी स्टुलावरून खाली झेपावले आणि भिंतीतलं बटण बंद केलं.

पडदा काळा झाला. त्याची मान अर्ध्यात थांबली.

"वीज गेली का?"

"मी बंद केली. लीथ, तू आत्ता काय करणार होतास?"

"काही नाही." त्यानं कपाळ चोळलं. "तुला काहीतरी सांगायचं होतं, महत्त्वाचं. गेलं डोक्यातून."

दुसऱ्या दिवशी आम्ही बदललेलं सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं. गाडी पुन्हा चिखलात लोळू लागली. लीथ शिव्या घालतो, हरतो, निम्मे कॅनडावाले पांगलेत. मी हल्ली स्वयंपाकघरात बसते आणि तिथूनच त्याच्याशी बोलते. त्या दिवशीचं साठवलेलं लाइव्ह त्यानं न बघता पुसून टाकलं.

काय सांगायचं होतं ते त्याला अजून आठवलेलं नाही. कधीकधी चहा पिता पिता तो मध्येच थांबतो, आठवायला बघतो. मी लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागते.