स्वयंपाकघरातून ऐकलेला वर्ग

मी एक जुना चहाचा बंब आहे. ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या मुलखातल्या वॅराबिन गावाच्या हॉलमध्ये, मागच्या स्वयंपाकघरात, माझे आयुष्य गेले. आता मला कोणी वीज जोडत नाही. तरी मित्रांनो, गुरुवारी दुपारी माझ्या तळाशी पाणी हलल्यासारखे होते. हसू नका. मी रिकामा आहे, हे मला तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मेलबर्नच्या कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवले. इथे आलो तेव्हा माझा काय थाट होता! नाच असो, लग्न असो, वणवा विझवून आलेली माणसे असोत, चहा माझाच. पुरुष अंगणात बिअरभोवती जमत आणि बायका आत माझ्याभोवती. चहा करण्याच्या, कप विसळण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत.

सत्तरच्या दशकात शहरातून फिलिपाबाई आल्या आणि दर गुरुवारी बायकांचा वर्ग भरू लागला. बाईच्या वाट्याला असे जिणे का येते आणि ते बदलायचे कसे, हा विषय होता. स्वयंपाकघराचे दार किलकिले असे, म्हणून मीही शिकलो.

बँकेतली नोरीन म्हणे, "कायदा बदला. सारखं काम, सारखा पगार. दारं उघडा, पुढचं आम्ही बघतो." हा उदारमतवादी स्त्रीवाद.

"पगार कसला घेऊन बसलीस?" रेल्वे कामगाराची बायको ग्वेंडा उसळे. "मी रांधते, उष्टी काढते, म्हणून माझा नवरा सकाळी कामावर उभा राहतो. मालकाला तो पगारावर मिळतो आणि मी फुकटात!" हा समाजवादी.

तरुण शिक्षिका ब्रॉनविन म्हणे, "मालक गेला तरी नवरा उरतोच गं. बाईच्या शरीरावर पुरुषाची सत्ता आहे, ती आधी मोडा." हा जहाल.

मूळनिवासी मर्लमावशी दाराजवळ बसत. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही घराबाहेर पडायचं म्हणता. माझी लेक सरकारनं गोऱ्यांच्या रीतीनं वाढवायची म्हणून माझ्या घरातून उचलून नेली. आणि तुमच्या आया बाहेर पडल्या, तेव्हा त्यांची घरं कोण झाडत होतं? मीच की."

फिलिपाबाई ओशाळल्या. "याला आमच्या पुस्तकात अजून धड नाव नाही, मावशी."

"मग लिहा. सगळ्या बायका एकाच चुलीपुढे बसलेल्या नसतात."

त्याच दिवसांत ठराव झाला की बाईने चहा का द्यायचा? पाळ्या बंद! टाळ्या पडल्या. पाळ्या बंद झाल्या, चहा मात्र चालूच राहिला. खरकटे कप तसेच पडू लागले, आणि ते आयलीनला बघवत नसत.

आयलीन मेंढ्यांच्या फार्मवरची. भर उन्हाळ्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत असत. कप विसळताना ती त्या वर सरकवी, तेव्हा काळेनिळे वळ फक्त मला दिसत. तिचा कान दाराकडे असे. वर्ग संपायच्या आत नवरा बाहेर हॉर्न वाजवी आणि ती पळत जाई.

एका गुरुवारी तिने माझ्यामागे एक पिशवी लपवली. हॉर्न वाजला. ती गेली नाही. माझी तोटी घट्ट धरून ती कुजबुजली, "कुणीतरी आत या गं." हॉलमध्ये वाद रंगात आला होता. आधी कायदा की आधी घर? ब्रॉनविन तावातावाने मार खाणाऱ्या बायकांविषयीच बोलत होती. मला ओरडावेसे वाटले, पण मला फक्त वाफ सोडता येते. हॉर्न पुन्हा वाजला. आयलीनने बाह्या खाली ओढल्या आणि ती गेली.

पुढच्या गुरुवारी बातमी आली. घराच्या मागच्या पायऱ्यांवरून पडून आयलीन गेली, असे नवरा सांगत होता.

मर्लमावशींना पिशवी सापडली. आत दोन फ्रॉक आणि दात घासायचा ब्रश होता. त्यांनी ती सगळ्यांपुढे ठेवली. "कप कोण विसळतंय, हे आपण विचारलंच नाही." त्या दिवशी कोणी वाद घातला नाही.

मग ग्वेंडाने आपली मागची खोली पळून आलेल्या बायकांसाठी उघडली. नोरीन कायद्यासाठी झगडली. ब्रॉनविन पोलीस ठाण्यात ठाण मांडून बसू लागली. किल्ली मर्लमावशींकडे राहिली. ती एक खोली चालायला चौघींचेही म्हणणे लागले.

आयलीनला मात्र हे कोणी सांगितलेले नाही. ती अजून येते. बंद स्वयंपाकघरात कप किणकिणतात आणि माझी तोटी गार पडते. लोक म्हणतात, उंदीर आहेत.

मित्रांनो, खूप वाचा, कडकडून वाद घाला. पण वाद ऐन रंगात आला की एकदा उठून आत जा. तिथे कोणी एकटी उभी असेल, तर फडके घेऊन तिच्या शेजारी कप पुसायला लागा. ती बोलेल. फक्त दुसरा हॉर्न वाजायच्या आत जा.