काळा ठोकळा

पेटीच्या पडद्याआड हात घालून कॉर्बिनने आधी एक गोटी उचलली. गुळगुळीत, थंड. बोटांत फिरवून त्याने ती परत ठेवली.

मागे रांगेत उभा असलेला टकर कुजबुजला, "ए प्रोफेसर, मत द्यायचंय. अंडी निवडायची नाहीत."

दोघेतिघे हसले. टेबलाशी पेटी धरून बसलेला ग्रेडीही हसला. एकाच घरात राहून एकमेकांना भाऊ म्हणणाऱ्या कॉलेजातल्या मुलांच्या या फ्रॅटर्निटीचा अध्यक्ष तोच होता आणि मतदानही त्याच्याबद्दलच होतं.

पदाधिकाऱ्याची सरासरी ठरलेल्या गुणांखाली गेली की पद सोडायचं, असा या घराचा नियम होता. सूट एकच. एकही विरोधी मत न पडता सगळ्या भावांनी एका सत्राची मुदत द्यायची. पांढरी गोटी म्हणजे होकार, काळा ठोकळा म्हणजे नकार. पडद्याआड हात चुकू नये म्हणून जुन्या लोकांनी आकारच वेगळे ठेवले होते. चुकून पडला असं नंतर कुणाला म्हणता येत नसे.

ग्रेडीचे गुण का घसरले हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षाचा पिकरिंग ऑक्टोबरात अंथरुणातून उठेनासा झाला, तेव्हा ग्रेडीने त्याला रोज उठवलं, खाऊ घातलं, समुपदेशकाकडे नेलं, वर्गाच्या दारापर्यंत सोडलं. पिकरिंग आपलं मत टाकून आता खिडकीपाशी नखं कुरतडत बसला होता. बाहेर अंगणात बर्फ साचलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कुणाला ठाऊक नव्हती. अभ्यासप्रमुख कॉर्बिन होता. एखाद्याचे गुण सत्राच्या मध्यावर घसरले तर त्याला घेऊन बसायचं, शिकवायचं आणि घराचे सल्लागार मिस्टर हॅलोरन यांना कळवायचं, हे त्याचं काम. मागच्या सत्राच्या मध्यावर ग्रेडी त्याला जिन्यात भेटला होता.

"ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बुडतोय रे. बसशील का जरा माझ्याबरोबर?"

"पुढच्या आठवड्यात. नक्की."

कॉर्बिनची मेडिकलची प्रवेशपरीक्षा तोंडावर होती. तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही. हॅलोरनना मात्र त्याने सगळं ठीक चाललंय असं कळवून टाकलं.

मुदत मिळाली तर हॅलोरन स्वतः येणार होते. ग्रेडीला समोर बसवून ते पहिला प्रश्न विचारणार होते, की मागच्या सत्रात तुला कोण शिकवत होतं? पद गेलं तर तो प्रश्न कुणी विचारणार नव्हतं.

ठोकळ्याच्या कडा बोटांना लागल्या. नियम तो नियम, असं मनाशी म्हणत कॉर्बिनने तो भोकातून आत सोडला आणि पँटला हात पुसला.

सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी ग्रेडीने मत टाकलं. मग त्याने पेटीचा खण ओढला. पांढऱ्या गोट्यांत काळा ठोकळा एकच होता.

पिकरिंगने खिडकीकडे तोंड वळवलं.

"कोण?" टकर म्हणाला. "कोण रे तो हरामखोर?"

"टकर, मत गुप्त असतं," ग्रेडी म्हणाला.

"गुप्त गेलं खड्ड्यात! नियम पाठ असणारा या घरात एकच आहे. कॉर्बिन, वर बघ. इकडे माझ्याकडे बघ."

कॉर्बिनने वर पाहिलं. तोंड उघडलं. त्यातून काय बाहेर पडणार हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

"माझा आहे तो," ग्रेडी म्हणाला.

"थापा मारू नकोस."

"शेवटी मीच टाकला ना? नाही झेपत रे मला. पास व्हायचंय, एवढंच." त्याने खण आत ढकलला. बोलताना त्याची नजर कॉर्बिनकडे एकदाही गेली नाही. कोटावरची अध्यक्षाची पिन काढून त्याने उपाध्यक्षाच्या हातात ठेवली. मग खिडकीपाशी जाऊन पिकरिंगच्या टाळूवर हलकी टपली मारली. "ए, तुझ्यामुळे नाही हे. कळलं का?"

पिकरिंगने मान हलवली, पण वर पाहिलं नाही.

सभा मोडली. ग्रेडी भिंतीकडे खुर्च्या रचू लागला, नेहमीसारखा, कुणी न सांगता. टकर कॉर्बिनसमोर येऊन उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता. त्याने हात पुढे केला.

"सॉरी, भावा. सगळ्यांसमोर बोललो तुला. मला खरंच वाटलं, तूच."

"असू दे."

"असू दे काय? माझी चूक झाली. माफ केलं म्हण, तरच मला बरं वाटेल."

भिंतीकडचा खुर्च्यांचा आवाज थांबला. ग्रेडी पाठमोरा होता, एक खुर्ची हातात तशीच.

कॉर्बिनने टकरचा हात हातात घेतला.

"माफ केलं," तो म्हणाला.