बारा नंबरचा प्रश्न

मेनफ्रेम, म्हणजे वीज कंपनीचं मोठं कॉम्प्युटर-मशीन, चालवणाऱ्या माणसाला काही विचारतं तेव्हा प्रश्नाला नंबर देतं आणि उत्तर येईपर्यंत थांबतं. उत्तर दिलं की तोच नंबर मोकळा होऊन पुढच्या प्रश्नाला लागतो. एवढी साधी गोष्ट रेलीन पास्कोला बावीस वर्षं पाठ होती. तरी त्या दुपारी तिनं माती खाल्लीच.

पूर्वी ती आणि केव्ह ट्रेम्बाथ मशीनच्या खोलीतच बसायचे. प्रश्न आला की एकानं पुकारायचं, "बारा माझा," आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "घे." मगच बोटं चालायची. आता मशीन गेलं मेलबर्नला. रेलीन बॅलरॅटच्या ऑफिसात एकटी, आणि केव्ह क्रेसविकला घरी, कारण त्याची बायको डॉट ऑक्सिजनच्या यंत्रावर होती. दोघं आपापल्या डेस्कटॉपवरून हुकूम सोडायचे. सकाळीच केव्हनं फोनवर टोमणा मारला होता, "बाई गं, नंबर पुकारत जा. की माझा आवाजही नकोसा झाला?" रेलीनला राग आला होता. म्हणून तिनं बारा पुकारलाच नाही.

बारा होता नोंदींची प्रत काढणाऱ्या टेपचा. पुढे जाऊ का, एवढंच विचारत होता. ती बाटलीत पाणी भरून आली, 'बारा, हो' टाइप केलं, एंटर दाबलं आणि मग स्क्रीन वाचली.

ती पाण्याला गेली तेवढ्यात टेपला केव्हनं उत्तर दिलं होतं. हा बारा नवा होता: 'आजारी माणसांच्या घरी फोन झालेले नाहीत. वीजबंदीची यादी तरीही पाठवू?'

बाहेर उत्तरेकडच्या वाळवंटावरून येणारा वारा भट्टीसारखा तापला होता. वणव्याच्या भीतीनं, यादी मिळाली की दीड वाजता क्रेसविक भागातली वीज बंद व्हायची होती, आणि आता एक वाजून चार मिनिटं झाली होती. गेलेली यादी परत बोलवायचा हुकूम मशीनमध्ये नव्हता. यादी ज्यांना गेली, स्विच ज्यांच्या हातात, त्यांचा फोन एंगेज. रेलीननं श्वासाचं यंत्र असलेल्या घरांची नावं मागवली. सात निघाली. पहिलंच डॉट ट्रेम्बाथ.

तिनं केव्हला फोन लावला. "केव्ह, मी चुकले. यादी गेली. दीडला तुमची वीज जाणार."

"किती घरं?"

"सात. तुमचं धरून."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? डॉटला मी ऑक्सिजनचा सिलिंडर लावतो. तू बाकीच्यांना लाव फोन. रडायचं नंतर."

तिनं एकेक घर लावलं. सिलिंडर लावा, आत्ता, हो, आत्ताच. घाईत दोनदा नंबर चुकला. पाच घरं झाली. सहावं होतं केव्हच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिसेस हॉकिंगचं. तिकडे रिंग वाजतच राहिली. तिनं ते मशीनवरून केव्हला कळवलं. स्विचवाल्यांचा फोन अजून एंगेजच.

एक पंचवीसला स्क्रीनवर केव्हचा निरोप उमटला: 'हॉकिंग माझी.'

"घे," रेलीन रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली.

दीडला केव्हच्या घरची वीज गेली आणि मशीनवरच्या नावांतून त्याचं नाव गेलं. ती त्या मोकळ्या ओळीकडे बघत हॉकिंगबाईंचा फोन पुन्हा पुन्हा लावत राहिली. रिंग वाजायची आणि तुटायची. बाई गेली असेल, आणि आपण तिला मारलं असेल, हे तिच्या डोक्यातून हलेना.

एक चाळीसला कुणीतरी फोन उचलला. धापा टाकत.

"लावला सिलिंडर. ओठ निळे पडले होते, आता बोलतेय. शिव्याच देतेय, पण देतेय," केव्ह म्हणाला. "हिला सोडून मला हलता येत नाही. तू डॉटला फोन कर, ती एकटी आहे."

डॉटला आता काय सांगायचं, कोणत्या तोंडानं? रेलीननं तरी फोन लावला. दोन रिंगनंतर पलीकडून श्वास ऐकू आला, थांबून थांबून.

"रेलीन," डॉट म्हणाली, "तुझ्यावर मी फार चिडलेय. पण फोन ठेवू नकोस."